दुमजली घराच्या बांधणीचे वेळापत्रक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्ञातीच्या संमेलनात शिक्षण, विवाह, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह या विषयांवर विचारविनिमय व्हावा हे योग्यच आहे. आज मी जो विषय आपल्यापुढे मांडणार आहे, तो वरवर पाहता एखाद्या कंत्राटदाराच्या वहीतला वाटण्याचा संभव आहे. तथापि आपणांपैकी बहुतेकांच्या आयुष्यात सर्वांत मोठा खर्च एकदाच होतो, आणि तो राहत्या घराचा असतो. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, गावच्या जमिनीच्या वाटणीतून आलेले पैसे, प्रसंगी गृहिणीच्या अंगावरचे दागिने आणि मुलाच्या पगारावर काढलेले वीस वर्षांचे कर्ज, एवढे सारे एका वास्तूत ओतले जाते. लग्नकार्य निघाले म्हणजे आपण महिनाभर आधी याद्या करावयास बसतो. घराच्या कामास मात्र नारळ फोडून आरंभ करतो आणि पुढचे पुढे पाहू म्हणतो. ही रीत बदलावी, एवढ्याचसाठी मी येथे उभा आहे.

मी दुमजली घराचाच विचार मुद्दाम करीत आहे. आपल्या समाजात आज जी स्वतंत्र घरे होत आहेत, त्यांपैकी पुष्कळशी ‘खाली आईवडील, वर मुलगा-सून’ किंवा ‘खाली थोरले, वर धाकटे’ अशा विचाराने होतात. एकमजली घर रखडले तर एका संसाराची गैरसोय होते. दुमजली घर रखडले म्हणजे खालचा मजला राहण्याजोगा होतो, वरच्यावर विटांच्या उघड्या भिंती उभ्या राहतात, आणि ते काम कोणाच्या पैशाने पुरे करावयाचे या प्रश्नावरून सख्ख्या भावांत अबोला येतो. म्हणून वेळापत्रक हा केवळ स्थापत्याचा विषय नाही. तो कुटुंबाच्या स्वास्थ्याचाही विषय आहे.

या विषयात मला जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते आरंभीच सांगतो. आपल्या प्रदेशात घराचे वेळापत्रक मुहूर्तापासून पुढे मोजीत जाऊ नये. ते पावसापासून मागे मोजीत यावे. पहिला पाऊस आपल्या घरास कोणत्या अवस्थेत गाठणार, हे आधी ठरवावे, आणि मग त्या तारखेस पोहोचण्यासाठी कोणते काम केव्हा सुरू झाले पाहिजे हे काढावे. माझ्या मते ती अवस्था अशी असावी : दोन्ही स्लॅब पडलेले, गच्ची पाण्यास बंद झालेली, बाहेरचा गिलावा पुरा झालेला, आणि रंगाचा हात मात्र कोठेही लागलेला नाही. असे घर पाऊस बाहेरून धुतो, तेव्हा आत कामे निर्वेधपणे चालू राहतात. आणि गच्चीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या उंबऱ्याशी किंवा पाइपाच्या सांध्यापाशी कोठे ओल धरली तर ती रंगाआधीच उघडी पडते. पहिला पावसाळा हा घराचा फुकटचा परीक्षक आहे. त्याचा अहवाल हाती येण्यापूर्वी रंगावर पैसे खर्च करणे शहाणपणाचे नव्हे.

हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या सर्वसाधारण तारखांनुसार मोसमी पाऊस मुंबईस ११ जूनला पोहोचतो व ८ ऑक्टोबरला तेथून माघारी फिरतो. पण या तारखा सरासरीच्या आहेत. २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. देशावर तर त्याही आधी वळवाच्या सरी येतात. म्हणून बाहेरची सर्व कामे १५ मेपर्यंत संपवावयाची, हीच आपली मर्यादा समजावी. या तारखेपासून मागे मोजू लागले म्हणजे असे दिसून येते, की मजल्यास सुमारे ८०० चौरस फुटांचे साधे दुमजली घर असेल तर कामास ऑक्टोबरच्या पूर्वार्धात हात घातला पाहिजे. सुदैवाने दसऱ्याचा मुहूर्त याच सुमारास येतो. तेव्हा या हिशेबात पंचांगाचा अनादर होत नाही.

आता महिनावार क्रम पाहू. कामापूर्वीचा पावसाळा कागदी कामाचा समजावा. या चार महिन्यांत नकाशा, संरचना अभियंत्याची आकडेमोड, अंदाजपत्रक, कंत्राट आणि बांधकाम परवानगी ही पाच कामे पुरी व्हावीत. जमिनीत चाचणीचा खड्डा मात्र त्याही आधीच्या उन्हाळ्यातच घेऊन ठेवावा. कारण काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कोठे लागतो, यावर पायाचा खर्च व वेळ अवलंबून असतो. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. तिच्यावर टेकलेला पाया कधीच स्थिर राहत नाही. परवानगीविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये मिळणारी परवानगी एक वर्षापुरती असते व पुढे मुदतवाढ मागावी लागते. ती हाती आल्यावर वर्षभर स्वस्थ बसणाऱ्यास पुन्हा कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

ऑक्टोबरात आखणी, खोदाई, पायाचे काँक्रीट, नोव्हेंबरअखेर जोते. याच वेळी जमिनीखालचा पाण्याचा हौद बांधून घ्यावा. पुष्कळ लोक तो सर्वांत शेवटी बांधतात. परंतु आधी बांधलेला हौद बांधकामाचेच पाणी साठविण्याच्या उपयोगी पडतो. जोत्यातील मुरमाची भर थराथराने, पाणी मारून व धुम्मस करून घालावी, आणि फरशीखालचे काँक्रीट पडण्यापूर्वी वाळवीप्रतिबंधक फवारणी उरकावी. ती नंतर तशी करता येत नाही. डिसेंबरात तळमजल्याचे कॉलम व सेंटरिंग, आणि महिनाअखेर पहिला स्लॅब. फेब्रुवारीच्या मध्यास दुसरा स्लॅब. जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत आधी खालचे व मग वरचे वीटकाम. मार्चपासून आतला गिलावा. एप्रिल व अर्धा मे गच्चीचा कठडा, कोबा आणि बाहेरचा गिलावा. जून ते सप्टेंबर फरशी, नळ, विजेची जोडणी. पाऊस उघडल्यावर भिंती सुकू द्याव्यात, मग दारांची फळी बसवावी व रंग द्यावा. पावसाळ्यात बसविलेले लाकडी दार फुगलेले असते. तेव्हा तासून बसविले तर हिवाळ्यात त्याची फट दिसू लागते. या क्रमाने दसऱ्यास आरंभ झालेले घर पुढच्या दिवाळीच्या सुमारास राहण्यास योग्य होते. म्हणजे सुमारे तेरा महिने झाले.

यावर काही बंधू म्हणतील की अमुक कंत्राटदार आठ महिन्यांत किल्ली देतो. देतही असेल. पण बांधकामात दोन प्रकारचा काळ असतो हे आपण समजून घेतले पाहिजे. एक काळ मजुरीचा. चार गवंड्यांऐवजी आठ लावले तर तो कमी होतो. दुसरा काळ सिमेंट घट्ट होण्याचा. तो पैशाने विकत मिळत नाही. काँक्रीटविषयीच्या भारतीय मानकात, म्हणजे आय. एस. ४५६ : २००० मध्ये, साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी या प्रतीक्षेच्या किमान मुदती दिलेल्या आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या तुळयांचे टेकू १४ दिवस आणि त्याहून लांब तुळयांचे २१ दिवस. काँक्रीट सतत ओले ठेवण्याची किमान मुदत ७ दिवस, कोरड्या व उष्ण हवेत १० दिवस; राखमिश्रित सिमेंट असेल तर किमान १० दिवस, आणि ती १४ पर्यंत वाढवावी अशी शिफारस आहे. आज बाजारातून घरी येणारे सिमेंट पुष्कळदा राखमिश्रितच असते. म्हणून गोणीवरचे नाव वाचून घ्यावे, आणि टेकू काढण्याची मुदतही त्यानुसार अभियंत्याकडून ठरवून घ्यावी.

दुमजली घरात या नियमास आणखी एक पदर आहे. वरच्या स्लॅबचे सेंटरिंग ज्या टेकूंवर उभे राहते, ते टेकू खालच्या स्लॅबवर उभे असतात. वरचे ओले काँक्रीट पडते तेव्हा त्याचा सारा भार, स्वतःचा भार कसाबसा पेलू लागलेल्या, त्या कोवळ्या स्लॅबवर येतो. ८०० चौरस फुटांचा, ५ इंच जाडीचा स्लॅब म्हणजे तुळया सोडूनही सुमारे ९ घनमीटर काँक्रीट. त्याचे वजन २२ टनांहून अधिक भरते. म्हणूनच वरील वेळापत्रकात दोन स्लॅबांमध्ये सहा आठवड्यांचे अंतर ठेवले आहे. काँक्रीटच्या ठोकळ्यांची चाचणी ७ व २८ दिवसांनी घेण्याचा प्रघात आहे. खालच्या स्लॅबचा २८ दिवसांचा निकाल हाती येऊन मगच वरचे काँक्रीट ओतावे, हा सुरक्षित मार्ग होय. त्याआधी घाई करावयाचीच झाली, तर खालचे टेकू न काढता, अभियंत्याच्या लेखी संमतीने करावी. भिंतीबाहेर झुकलेल्या सज्जाचे टेकू तर त्याच्या आज्ञेवाचून कोणीही हलवू नयेत.

दोन्ही स्लॅब थंडीच्या दिवसांत यावेत यास आणखी एक सबळ कारण आहे. आपल्याकडे एप्रिल-मे हे टंचाईचे महिने. स्लॅबवर वाफे बांधून दहा-चौदा दिवस पाणी साठवावयाचे, ते त्या महिन्यांत टँकरने विकत आणावे लागते. आणि विकतचे पाणी हात राखूनच मारले जाते. उन्हात काँक्रीट लवकर वाळते, पण वाळणे म्हणजे घट्ट होणे नव्हे. डिसेंबर-फेब्रुवारीत विहिरीस पाणी असते आणि ऊनही सौम्य असते. जे काम पाण्यावर जगते, ते पाणी असताना करावे.

मालाच्या खरेदीसही ऋतू आहे. आपल्याकडच्या वीटभट्ट्या पाऊस संपल्यावर पेटतात आणि पावसाळ्यात बंद असतात. नदीपात्रातील वाळूचा उपसाही पावसाळ्यात बंद ठेवला जातो. कृत्रिम वाळूचा पर्याय आता सर्वत्र उपलब्ध आहे व २०१६ च्या मानकाने तो मान्यही केला आहे. विटा हिवाळ्यात सांगून ठेवाव्यात. सिमेंटचे मात्र उलट आहे. भाव वाढेल या भीतीने शंभर गोण्या भरून ठेवणारे गृहस्थ आपल्यात आहेत. परंतु तीन महिन्यांहून अधिक साठविलेले सिमेंट पुन्हा तपासल्यावाचून वापरू नये असा नियम आहे. तेव्हा विटा आधी आणि सिमेंट ऐन वेळी, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ नुकसान टळेल.

वेळापत्रक कागदावर कसे मांडावे, हेही थोडक्यात सांगतो. १९५७ ते १९५९ च्या सुमारास अमेरिकेत डुपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी मोठ्या कामांच्या आखणीसाठी एक पद्धत बसविली. तिचे तत्त्व आपल्या घरासही लागू पडते. सर्व कामांची यादी करावी. प्रत्येकापुढे त्यास लागणारे दिवस लिहावेत. आणि ते काम कोणते काम संपल्यावाचून सुरूच होऊ शकत नाही, हे तिसऱ्या रकान्यात लिहावे. असे केले की एक लांब साखळी आपोआप दिसू लागते : पाया, जोते, कॉलम, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब, वीटकाम, गच्ची, बाहेरचा गिलावा. या साखळीतील एक दिवस चुकला की संपूर्ण घराचा एक दिवस चुकतो. फाटकाचे काम, कपाटे, बागेची भिंत ही साखळीबाहेरची. ती पंधरा दिवस मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. मालकाने आपला जीव, आपली रजा आणि आपला पैसा साखळीतल्या कामांसाठी राखून ठेवावा. फाटकाच्या नक्षीवर वाद घालीत बसू नये.

मात्र साखळीबाहेरचे काम फार काळ दुर्लक्षिले तर तेच साखळीत येऊन बसते. खिडक्यांची मापे गिलाव्याच्या वेळी घेतली जातात आणि त्या तयार होऊन येण्यास काही आठवडे लागतात. मेअखेर माप दिले तर जुलैच्या पावसात खिडकीच्या जागी ताडपत्री बांधावी लागते. त्याहून अधिक घातक म्हणजे वेळेवर न घेतलेले निर्णय. स्नानगृह कोठे, सांडपाण्याचा पाइप कोठून, छताच्या दिव्यांचे बिंदू कोठे, वरच्या मजल्यावर पुढे स्वतंत्र स्वयंपाकघर होणार की नाही, हे प्रश्न स्लॅबच्या सेंटरिंगच्या आधी सुटलेच पाहिजेत. कारण विजेच्या नळ्या सळयांबरोबर स्लॅबमध्ये पुरल्या जातात. नंतर सुचलेली सुधारणा छिन्नी-हातोड्याने करावी लागते आणि तिचे घाव तुळयांवर बसतात. येथे मी भगिनींचा विशेष उल्लेख करतो. नकाशावर सही करण्यापूर्वी घरातील स्त्रियांस व वृद्धांस तो दाखवून त्यांचे मत घ्यावे. वडीलधाऱ्यांना रात्री जिना न चढता शौचालयास जाता येते काय, ओटा व मोरी यांत चालणे किती पडते, धुतलेले कपडे पावसात कोठे वाळवावयाचे, हे त्यांना ठाऊक असते. त्यांची सूचना कागदावर असताना ती मान्य करण्यास खोडरबराचा खर्च येतो. भिंत उठल्यावर तीच सूचना हजारो रुपयांची होते.

वेळापत्रकात कामाचे दिवस जसे लिहावेत तसे कामाचे नसलेले दिवसही लिहावेत. दिवाळी, संक्रांत, शिमगा, गणपती या सणांस कामगार गावी जाणारच. परप्रांतांतून आलेले सेंटरिंगवाले आपापल्या सणांस जातील. ऊसतोडीच्या हंगामात बिगारी मिळणे कठीण होते. हे दिवस आधीच वजा करावेत, म्हणजे कोणावर रागावण्याचा प्रसंग येत नाही. तसेच प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी ‘तपासणी’ असा एक संपूर्ण दिवस राखावा. सळया नकाशाप्रमाणे आहेत की नाहीत, हे अभियंत्याने स्वतः पाहिल्यावाचून काँक्रीट ओतू नये. एकदा झाकले गेल्यावर ते कोणासच दिसत नाही. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्या प्रदेशाने सोसला, त्या प्रदेशातील लोकांस हे अधिक सांगणे नलगे.

पैशाचे वेळापत्रक हे कामाच्या वेळापत्रकाचेच दुसरे पान होय. बँक कर्जाचा हप्ता बहुधा एक टप्पा पुरा झाल्यावर, पाहणी करून देते. कंत्राटदारास माल मात्र टप्प्याच्या आरंभीच लागतो. हे अंतर भरून काढण्यास निदान एका टप्प्याची रक्कम स्वतःची हाताशी असावी. ती नसली तर काम थांबते, सेंटरिंगवाला दुसरीकडे जातो, आणि त्यास परत आणण्यात महिना जातो. सांगाडा उभा राहिला की घर झाले असे आपणांस वाटू लागते. पण फरशी, दारे-खिडक्या, नळ, वीज, रंग यांचा खर्च अजून पुढेच असतो. ज्यांच्यापाशी दोन्ही मजल्यांचे पैसे खरोखर नाहीत, त्यांनी दुमजली पाया व कॉलम घालून एकच मजला पुरा करावा आणि वरचा मजला कोणी, केव्हा, कोणाच्या खर्चाने बांधावयाचा हे आजच कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. पुरा झालेला एक मजला दोन अर्धवट मजल्यांपेक्षा कितीतरी सुखाचा असतो. भाऊ एकमेकांशी चांगले बोलत असतानाच हा कागद करावा. अबोला आल्यावर तो होत नाही.

शेवटी मंडळास एक विनंती. आपल्या कचेरीत वधूवरांच्या याद्या आहेत, शिष्यवृत्तीची नोंदवही आहे; तशीच एक नोंदवही घरांची ठेवावी. ज्या सभासदाने घर बांधले, त्याने प्रत्येक टप्प्याची ठरलेली तारीख, झालेली तारीख आणि विलंबाचे कारण एवढेच तीन रकाने भरून द्यावेत. दहा-पंधरा घरांच्या अशा नोंदी जमल्या, तर पुढे बांधणाऱ्या तरुणास कोणत्याही कंत्राटदाराच्या आश्वासनापेक्षा त्यांचा अधिक आधार वाटेल. आपल्यातील निवृत्त अभियंत्यांनी महिन्यातून एक रविवार असे कागद पाहून देण्यास द्यावा. त्यास मंडळाचा पैसा लागत नाही. लागते ती केवळ आस्था.

या वर्षी ज्यांच्या मनात घर बांधावयाचे आहे त्यांनी येत्या उन्हाळ्यातच चाचणीचा खड्डा घ्यावा.